धक्क्यावरच तपासा

ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या कठड्यावर आम्ही पाच जण रोज संध्याकाळी साडेसातला जमतो. परवा विषय निघाला तो पिंट्यामुळे. त्याच्या ऑफिसची पार्टी बोटीवर ठरली आहे. गेटवेहून संध्याकाळी निघायचं, दोन तास फिरायचं, खाणंपिणं सगळं बोटीवरच. तात्यांनी विचारलं, "पिणं म्हणजे?" आणि तिथून जे पेटलं ते साडेनऊपर्यंत विझलं नाही.

तात्यांनी एसटीत उभा जन्म कंडक्टरकी केली. त्यांचं म्हणणं एका वाक्यात होतं. "पिऊन चढलेला माणूस मी कितीदा तरी उतरवलाय. एक घंटी मारली की गाडी थांबते. बोटीत घंटी मारून त्याला कुठे उतरवशील?"

वकिलांनी लगेच दुजोरा दिला. रेल्वे कायदा 1989, कलम 145. नशेत असलेल्या प्रवाशाला रेल्वेचा कर्मचारी खाली उतरवू शकतो. म्हणजे तिथेही कायद्याचा पहिला इलाज उतरवणं हाच, आणि पाण्यावर नेमका तोच इलाज लागू पडत नाही.

पिंट्या काही ऐकणाऱ्यातला नाही. "हॉटेलात चालतं, विमानात चालतं, मग बोटीनेच काय घोडं मारलंय? आणि दारू बंद केली की लोक कोल्ड्रिंकच्या बाटलीत मिसळून आणतात. विकत देतो त्याला निदान कोणी किती घेतली ते कळतं तरी."

विमानाचं त्याचं चुकलं. आपल्याकडे देशातल्या देशात उडणाऱ्या विमानात दारू देत नाहीत. परदेशी जाणाऱ्या विमानात देतात, तीही खुर्चीत बसलेल्या माणसाला, मोजून. पण कोल्ड्रिंकच्या बाटलीचं त्याचं खरं आहे. ते मी स्वतः पाहिलंय.

मांडव्याहून परतीची संध्याकाळची लाँच होती. सात-आठ जणांचं टोळकं वरच्या डेकवर, हातात दोन लिटरची काळी बाटली फिरतेय. त्यातला एक जण कठड्यावर चढून बसला, पाठ समुद्राकडे, पाय आत. खलाशी जेमतेम विशीतला पोरगा. "दादा, खाली उतरा," तो तीनदा म्हणाला. तिसऱ्यांदा त्या माणसाने त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे ढकललं. शेजारच्या बाकावर एक बाई मुलाला घट्ट धरून बसली होती. त्या मुलाच्या अंगातल्या जॅकेटचा एक पट्टा तुटलेला, ती तो गाठ मारून बांधत होती. आम्ही चाळीसेक माणसं गप्प होतो. मीही गप्प होतो, आणि ते मला आजही खातं. त्या खलाशाच्या हातात काय होतं? ना शिट्टी, ना कायदा, ना थांबायला थांबा.

आमचा नाखवा चेंदणी कोळीवाड्यातला. तो उशिरा बोलला, पण मुद्द्याचं बोलला. "तुम्ही दारूचं बोलताय, मी वजनाचं बोलतो. बोट माणसांच्या वजनावर तोल धरते. रामदास बोट आठवा." 17 जुलै 1947, आषाढ अमावास्या, गटारीचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. लाट आणि पाऊस आला तशी माणसं एका बाजूला सरकली, बोट कलली. "ती माणसं घाबरून सरकली," नाखवा म्हणाला. "आता विचार करा, वरच्या डेकवर नाचणारी पन्नास माणसं फोटोसाठी एकदम एका बाजूला आली, आणि बोट चालवणारा तांडेल ओरडतोय की जागेवर बसा. शुद्धीतला माणूस बसतो हो. बाकीचे?"

यावर पिंट्याही थोडा वेळ तलावाकडेच बघत राहिला.

मग वकिलांनी लंडनची गोष्ट काढली. ऑगस्ट 1989, टेम्स नदी, मार्शनेस नावाच्या बोटीवर रात्रीची पार्टी. बोबेल नावाचं वाळू उपसणारं जहाज येऊन धडकलं, 51 माणसं गेली. चौकशीत मुख्य दोष निघाला तो दोन्हीकडे टेहळणी नीट नसल्याचा. पण बोबेलच्या कप्तानाने आदल्या दुपारी बियर घेतली होती, हेही बाहेर आलं. जहाज चालवणाऱ्यांच्या रक्तात दारू किती चालेल याची मर्यादा ठरवणारा तिथला कायदा 2003 साली झाला. चौदा वर्षांनी! आपल्याकडे रस्त्यावर गाडी चालवणाऱ्याला 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. मोठ्या जहाजांवरच्या अधिकाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय नियमात ती 50 आहे. मला हे उलटंच वाटतं. ज्याच्या हाती शंभर माणसं, त्याच्यासाठी शून्यच हवं.

माझं मत मी तिथे मांडलं, इथेही मांडतो. मोरा ते भाऊचा धक्का, गेटवे ते मांडवा ही रोजच्या माणसांची वाट आहे. तिथे दारू विकायची नाही, आणायची नाही, पिऊन चढायचं नाही. पार्टीच्या बोटीला हवं तर परवाना द्या, पण डोकी मोजून, जॅकेट घालूनच, आणि परतीला अर्धा तास असताना बार बंद. 18 डिसेंबर 2024 ला एलिफंटाला निघालेल्या नीलकमलवर नौदलाची स्पीडबोट आदळली, 15 जण गेले. त्यात दारूचा काही संबंध नव्हता. पण तशा घटकेला जॅकेटचे पट्टे बांधायला हात स्थिर लागतात.

आणि तपासणी जेट्टीवरच. 31 डिसेंबरला पोलीस गाडीवाल्यासमोर यंत्र धरतात, तसंच तिकीट खिडकीपाशी धरा. तांडेल आणि खलाशाला आधी फुंकायला लावा, मग प्रवाशाला. दोर सुटला की त्या विशीतल्या पोराच्या जिवावर काही सोडू नका.

महाराष्ट्र सागरी मंडळाला अर्ज करायचा, वकिलांनी लिहायचा, असं ठरलं. पिंट्याही सही करणार आहे, पार्टीला जाऊन आल्यावर. अडलंय एका ओळीवर. धक्क्यावर परत पाठवलेल्याला तिकिटाचे पैसे द्यायचे का? वकील म्हणतात, अजिबात नाही. तात्या म्हणतात, द्या, नाहीतर खिडकीवरच मारामाऱ्या होतील आणि त्या बिचाऱ्या तिकीटवाल्याला कोण वाचवणार? ती ओळ अजून कोरी आहे.