किल्ला रेडिमेड नको

दिवाळी आता ऑफर आणि खरेदीपुरतीच उरली, हे एका लेखात वाचलेलं म्हणणं अर्धंच पटलं. बेळगावच्या बाजारात, खडेबाजार, गणपत गल्लीत पाय ठेवायला जागा नसते हे खरंच. फराळही तयार मिळतो. पण आमच्या इथं दसरा झाला की पोरं किल्ल्याच्या मागे लागतात. दगडं रचायची, त्यावर भिजवलेली पोती टाकायची, लाल माती थापायची, उतारावर मोहरी पेरून रोज पाणी शिंपडायचं. यंदा गल्लीत राजहंसगड की पन्हाळा यावरूनच भांडण! शेवटी थोरली पोरं सायकली मारत येळ्ळूरला जाऊन राजहंसगडाचे बुरूज बघून आली. प्लॅस्टरचे तयार किल्लेही मिळतात, पण ते आणणाऱ्याला इथं कोण विचारत नाही. मावळे तेवढे विकतचे. त्यांचेही भाव वाढलेत म्हणा.