आधी सीट तर बघा!

‘चाळिशीनंतर गुडघा कुरकुरला की सायकल विका आणि चालायला लागा’ हा एका लेखात वाचलेला सल्ला काही पटला नाही. माझा उजवा गुडघा पुढून, वाटीखाली दुखायचा. सायकलवर पुण्याजवळचा बोपदेव घाट चढून आलो की दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागे. दोन महिने मलम चोळलं, नी-कॅप घातली. शेवटी ग्रुपमधल्या एका काकांनी भिंतीला धरून सायकलवर बसवलं आणि टाच पेडलवर ठेवायला लावली. अशा वेळी पाय जवळपास सरळ व्हायला हवा; माझं पेडल अगदी खाली, तरी गुडघा चांगलाच वाकलेला! सीट तीन बोटं खाली होती. (‘पाय जमिनीला टेकले पाहिजेत’ म्हणून दुकानदाराने तशी लावली, आणि मीही मान डोलावली.)

सीट खाली असली की ताण वाटीवर येतो, फार वर गेली की दुखणं गुडघ्याच्या मागे सरकतं. नेहमीसारखा चवडा पेडलवर ठेवून पेडल खाली असताना गुडघा सरळ रेषेपासून साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला हवा. मी ५-५ मिलिमीटर करत सीट वर घेतली, घाटात जड गिअर रेटणं सोडलं. आता दर रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतो. सूज असेल किंवा गुडघा अडकत असेल, तर मात्र पाना ठेवा आणि डॉक्टर गाठा.