काळ्या सावल्यांची टेस्ट आणि एका लेकराची भाकरी

आठ दिवस झाले, आमच्या जिंतूरकडं पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय. दहा काळ्या सावल्यांची चित्रं आणि खाली लिहिलंय की मेंदू वस्तू फक्त आउटलाइनवरून, म्हणजे बाहेरच्या रेघेवरून ओळखतो, बाकी सगळं फालतू. अडाणी माणसाला आणि न शिकवलेल्या लेकराला चित्र कळतच नाही. आणि दहापैकी आठच्या खाली मार्क पडले तर लेकराचा उजवा मेंदू कमजोर. परवा दुसरीतल्या एका लेकराची आई शाळेत आली, मोबाईल पुढं केला आणि रडायलाच लागली, सर माझ्या लेकराला चारच आले म्हणून. त्या माउलीसाठी लिहायलोय.

"फक्त आउटलाइन" पासून सुरू करू. आउटलाइनमधी ताकद आहे हे खरंच आहे. दिवेलागणीला रानातून येताना बांधावर काळी आकृती दिसली तरी डोक्यावर मोळी घेतलेली बाई आहे, मागं शेळी आहे हे आपल्याला लगेच कळतं, चेहरा दिसायची गरज पडत नाही. ह्युबेल आणि वीझल या मेंदूच्या दोन संशोधकांनी मांजराच्या मेंदूत कडा आणि रेषांना प्रतिसाद देणाऱ्या पेशी दाखवल्या, त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं. १९८८ मधी बीडरमन आणि जू या मानसशास्त्राच्या संशोधकांनी दाखवलं की साधी रेषाचित्रं माणूस रंगीत फोटोइतकीच, जवळपास तेवढ्याच वेळात ओळखतो. पण यातून "फक्त" कुठून आलं? जालन्याची मोसंबी, संत्रं आणि टमाटं यांची नुस्ती बाहेरची रेघ काढा आणि सांगा कोणतं काय. तिथं रंग लागतो, सालीवरचे बारीक खड्डे लागतात. संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याची सावली काढून दाखवा, निम्मे लोक ताजमहाल म्हणतील.

आणि कुठून बघता यावर तर सगळंच अवलंबून आहे. तांब्या बाजूनं बघा, गळा, पोट, काठ, कुणीपण ओळखंल. तोच तांब्या बरोबर वरून बघितला की नुस्ता गोल, ताट पण गोल, परात पण गोल, घागर पण गोल. मेसेजमधलं सातवं चित्र असंच आहे, एक काळा गोल, उत्तर दिलंय "चेंडू". त्या लेकरानं सांगितलं "भाकरी". चूक धरलं. ज्या घरात रोज ज्वारीच्या भाकरी थापल्या जातात त्या घरातल्या लेकरानं गोलाला भाकरी म्हणलं तर चूक लेकराची का चित्राची?

अजून एक, आउटलाइन सगळीकडं सारखी कामाची नसते. अॅटनीव्ह नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मधी झोपलेल्या मांजराच्या चित्रावर जिथं रेघ जास्त वळते तिथले ३८ बिंदू घेतले, ते सरळ रेघांनी जोडले, तरी मांजर ओळखू आलं. बीडरमननं १९८७ मधी हेच दुसरीकडून दाखवलं. चित्रातली रेघ मधूनमधून पुसली तर वस्तू कळते, पण तेवढीच रेघ जोडाच्या आणि कोपऱ्याच्या जागी पुसली तर माणूस अडकतो. किटलीचं घ्या, पोटावरची रेघ थोडी गेली तर काही बिघडत नाही, पण दांडी आणि तोटी जिथं चिकटते ती जागा गेली की किटली हातातून जाते. आणि हे जोड पुष्कळदा वस्तूच्या आतल्या बाजूला असतात, काळी सावली भरली की ते दिसतच नाहीत. म्हणून रेषाचित्र आणि सावली एक नव्हे, मेसेजवाल्यानं दोन्ही एकाच पोत्यात भरलंय.

आता ते "अडाणी माणसाला चित्र कळत नाही". याचा मला मनापासून राग आला. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत आपला मराठवाडा हैदराबाद राज्यात होता, देशात साक्षरता १८.३३ टक्के. मतपेट्यांवर चिन्हं चिकटवलेली असायची, काँग्रेसची बैलजोडी होती, आणि अक्षर न येणाऱ्या कोट्यवधी बायामाणसांनी चिन्ह बघून मत टाकलं. त्यांना चित्र वाचायला कोणी शिकवलं होतं का? लेकरांचं पण तेच. हॉकबर्ग आणि ब्रूक्स या दोघा संशोधकांनी एका लेकराला १९ महिन्यांचं होईपर्यंत चित्रांपासून शक्य तितकं दूर ठेवलं, वस्तूंची नावं खऱ्या वस्तू आणि खेळणी दाखवून शिकवली, आणि मग रेषाचित्रं दाखवली तर त्यानं बहुतेक ओळखली. हे १९६२ मधी छापून आलंय. म्हणजे वस्तू माहीत पाहिजे, चित्राची शिकवणी नाही. मेसेजमधी पियानोची सावली आहे, आमच्या लेकरांनी पियानो बघितलाय कुठं? त्याजागी तिफण ठेवली असती तर शहरातलं लेकरू अडकलं असतं.

उजव्या मेंदूचं तर सोडाच. आकारावरून वस्तू ओळखणारा भाग डोक्याच्या मागच्या बाजूला आहे आणि तो डावीकडं पण आहे, उजवीकडं पण. दहा चित्रांच्या मार्कांवरून कुठली बाजू कमजोर ते निघत नाही.

त्या बाईंना मी घरातल्या वस्तू घेऊन बसायला सांगितलं, उलथणं, पळी, खलबत्ता, विळा, हाताला लागंल ते, भिंतीवर दिव्याची सावली पाडून वळवत वळवत दाखवायची. काल सांगत होत्या, सगळ्या ओळखल्या, विळा तर आडवा धरला तरी. बाकी ज्या लेकराला खरंच फळ्यावरचं दिसत नाही, जे डोळे बारीक करून बघतं नाहीतर पुस्तक नाकाला लावून वाचतं, त्याला सरकारी दवाखान्यात नेऊन डोळे तपासून घ्या, चष्म्याचा नंबर तिथं कळतो.