हॉर्नच्या रिलेवर विंच चालवायला निघालेल्यांसाठी

एटीव्ही, म्हणजे वाळू-चिखलात चालणारी जाड चाकांची उघडी गाडी. तिच्या मालकांच्या ग्रुपवर विंच, म्हणजे रुतलेली गाडी दोराने ओढून काढणारी मोटर, कशी जोडायची याचा एक मेसेज फिरतोय. "बॅटरीपासून अडीच स्क्वेअरची वायर ओढा, मध्ये हॉर्नचा रिले टाका, मोटरची निगेटिव्ह चॅसिसला आवळा. कॉन्टॅक्टर म्हणजे कंपन्यांचा पैसे काढायचा धंदा. फ्यूज नको, उगाच उडतो. इंजिन चालू ठेवलं की बॅटरी उतरत नाही. आणि स्विच थेट बॅटरीवर घ्या, किल्लीची कटकट नाही." अलिबागकडे किनाऱ्यावर फिरणाऱ्या एटीव्हींचं वायरिंग मी करतो. हा मेसेज दाखवून "असं करून द्या ना" म्हणणारे आता वारंवार येतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी रिले, म्हणजे बटणाच्या बारीक करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच. त्याच्या डोक्यावर 30 किंवा 40 अँपिअर छापलेलं असतं. 2500 पौंडांची विंच रिकामी फिरताना जेमतेम 10-15 अँपिअर घेते, त्यामुळे अंगणात ट्रायल झकास होते आणि मेसेज पुढे जातो. गाडी वाळूत रुतली, दोर ताणला, की हीच मोटर 100 च्या पुढे जाते. मग रिलेचे पॉइंट आतल्या आत चिकटतात आणि बटण सोडलं तरी विंच थांबत नाही. नागावला माझ्यासमोर झालंय हे. हुक सरळ दोराच्या रोलरमध्ये घुसला, ब्रॅकेट वाकली, आणि मी सीट उपटून दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचं टर्मिनल सोडवत होतो. दोर तुटला नाही, नशीब.

बरं, एका रिलेने मोटर एकाच दिशेला फिरते. दोर बाहेर सोडायचा तर मोटरच्या दोन टोकांवरचे प्लस-मायनस अदलाबदल व्हावे लागतात. कॉन्टॅक्टर, म्हणजे विंचसाठीचा मोठा, दोन्ही दिशांचा रिले, नेमकं तेच करतो. त्याचे चार जाड बोल्ट पाहा: दोन बॅटरीकडे, दोन मोटरकडे. ज्याला धंदा म्हणता ना, तो दिशा बदलतानाचा हा टक् आवाज.

आता चॅसिस, म्हणजे गाडीचा धातूचा सांगाडा. मेसेजमधली सगळ्यात वाईट सूचना हीच. दिव्याला, हॉर्नला चॅसिस अर्थ चालतो, कारण त्यांची निगेटिव्ह कायम निगेटिव्हच राहते. विंचच्या दोन टोकांच्या मोटरमध्ये तसं नसतं. दोर गुंडाळताना जे टोक निगेटिव्ह, तेच सोडताना पॉझिटिव्ह होतं. ते तुम्ही चॅसिसला आवळून ठेवलं आणि पुढे कधी कॉन्टॅक्टर बसवून 'आउट' दाबलं, तर बॅटरीचा प्लस थेट सांगाड्यावर. शॉर्ट. मोटरच्या दोन्ही वायरी कॉन्टॅक्टरलाच आल्या पाहिजेत, आणि कॉन्टॅक्टरची निगेटिव्ह बॅटरीच्या टर्मिनलपर्यंत जाड वायरीनेच गेली पाहिजे. रंगवलेल्या, खाऱ्या हवेने गंजलेल्या सांगाड्यातून 100 अँपिअर परत आणायची हौस कशाला?

अडीच स्क्वेअरच्या (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीच्या) वायरीचा हिशेब तर कुणीही करू शकतो. तांब्याच्या या वायरीला मीटरमागे साधारण 7.4 मिलिओहम रोध असतो. जाऊन-येऊन 3 मीटर धरा. 100 अँपिअरला 2.2 व्होल्ट वायरीतच गळतात, म्हणजे 220 वॅट उष्णता. प्लास्टिक वितळणार नाही तर काय? तेवढ्याच लांबीच्या 16 स्क्वेअरच्या केबलमध्ये 0.35 व्होल्टच्या आसपास जातात. वेल्डिंगची केबल चालते, फक्त टोक सोलून आत खरं तांबं आहे ना ते बघा. वर तांब्याचा मुलामा आणि आत अॅल्युमिनियम असलेला मालही मिळतो. थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला बसणारी धातूची टोपी, पक्कडीने चेपू नका, क्रिंपिंग टूलने दाबा.

फ्यूजबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. मेन लाइनला चुकीचा फ्यूज टाकला तर ऐन ओढताना उडतो, आणि बऱ्याच किटमध्ये मेन फ्यूज येतही नाही. पण म्हणून मोकळी लाइन? मी बॅटरीजवळ कट-ऑफ स्विच किंवा विंचसाठीचा ब्रेकर टाकतो. स्विचच्या बारीक वायरीला मात्र 5 अँपिअरचा फ्यूज हवाच, तिथे वाद नाही.

"इंजिन चालू ठेवा" हा सल्ला योग्य, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा. एटीव्हीचा स्टेटर, म्हणजे इंजिनावर वीज तयार करणारा भाग, समजा 400 वॅटचा आहे: म्हणजे 28 अँपिअर, तेही रेस दिल्यावर. विंच 100 मागते, उरलेले 70 बॅटरीतूनच जाणार. बॅटरी असते 14-20 अँपिअर-तासांची. मिनिटभर ओढा, मग थांबा, थोडी रेस ठेवा. मोटरलाही तेवढीच उसंत मिळते. जड असेल तर कप्पी लावा. दोर दुहेरी झाला की वेग निम्मा होतो, पण विंचवरचा भारही जवळपास निम्मा होतो.

राहिली किल्ली. किनाऱ्यावर उभ्या एटीव्हीवर कुणाचंही पोर चढून बसतं आणि हँडलवरचं बटण दाबतं. कॉन्टॅक्टरची बारीक लाल वायर किल्लीच्या लाइनवरच घ्यायची. टेस्ट लॅम्प लावून बघा: किल्ली फिरवली की पेटला पाहिजे, काढली की विझला पाहिजे. अशी वायर सापडेपर्यंत स्विच डब्यातच राहू द्या.