सुदृढ आघाडी घडविण्याविषयी

विदर्भातील एखाद्या आदिवासी तालुक्यात आपली संस्था काम करीत असेल, शेजारच्या गावात दुसरी आणि घाटाखाली तिसरी संस्था असेल, आणि या सर्वांनी मिळून बालकांचे कुपोषण कमी करावे असा विचार कोणाच्या मनात आला असेल, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. पुरेशी काळजी घेतल्यास असा विचार आघाडी, सुकाणू समिती, कृतिगट आणि पुन्हा आघाडी अशा मार्गाने फिरवून दोन-तीन वर्षे सुखरूप नेता येतो, आणि तेवढ्या काळात कोणत्याही संस्थेला आपल्या कामात काडीचाही बदल करावा लागत नाही.

पहिली बैठक मेळघाटातल्या धारणी किंवा चिखलदरा येथे घेऊ नये. तिथे एखादी अंगणवाडी सेविका, एखादी आशा कार्यकर्ती, फार तर कडेवर मूल घेतलेली एखादी बाई सभागृहात येऊन बसण्याचा धोका असतो. अमरावती बरी, नागपूर त्याहून बरे, कारण तिथून परतीची सोय असते. बैठकीचा काळही विचारपूर्वक निवडावा. मेळघाटात जून ते सप्टेंबर नदीनाले भरून वाहतात, गावांचा संपर्क तुटतो, घरातले धान्य संपत आलेले असते, जुलाब, न्यूमोनिया आणि हिवताप एकदमच येतात, आणि मुले दगावण्याचे प्रमाणही याच दिवसांत वाढते. एवढ्या धावपळीत मूलभूत चर्चा शक्य नसते. दिवाळीनंतरचा काळ सर्वोत्तम होय. त्या वेळी कित्येक कोरकू आदिवासी कुटुंबे मुलाबाळांसह मजुरीसाठी बाहेर पडलेली असतात, ती होळीलाच परततात, आणि ज्यांच्याविषयी चर्चा करायची ते गावात नसल्यामुळे चर्चेत व्यत्यय येत नाही. ही मुले ज्या वीटभट्टीवर किंवा शेतावर जातात, तिथल्या अंगणवाडीला त्यांची यादी आगाऊ पाठविण्याची कल्पना कोणी मांडलीच, तर ती स्तुत्य आहे असे इतिवृत्तात नोंदवावे आणि पुढील विषय घ्यावा.

बॅनरवरील बोधचिन्हांचा क्रम मात्र पहिल्याच बैठकीत ठरला पाहिजे. वर्णानुक्रम लावावा की स्थापनेचे वर्ष पाहावे, यावर अर्धा दिवस गेला तरी तो वाया गेला असे समजू नये.

आता खऱ्या नाजूक विषयाकडे वळू. तो म्हणजे यादी. प्रत्येक संस्थेजवळ आपापल्या गावांतील तीव्र कुपोषित बालकांची यादी असते आणि ती संस्थेची जिंदगानी असते. तिच्यावर पुढचा प्रस्ताव उभा राहतो. ही यादी दुसऱ्या संस्थेस दाखवू नये. तसे केल्यास काय उघडकीस येईल याचा विचार करा. डांबरी रस्त्याला लागून असलेल्या, गाडी थेट अंगणवाडीच्या दारापर्यंत जाते अशा गावातील एकच पोरगा तिन्ही याद्यांमध्ये आहे, आणि नाल्यापलीकडच्या ढाण्यावरील (पाड्यावरील) मुले एकाही यादीत नाहीत, हे सर्वांसमक्ष दिसेल. रस्त्याकाठच्या त्या पोराच्या दंडाला सोमवारी एका संस्थेची पट्टी लागते, बुधवारी दुसरीची. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर पट्टीचा लाल भाग, तेथून १२.५ पर्यंत पिवळा. सोमवारी पट्टी जरा आवळून धरल्यामुळे तो लाल ठरला. बुधवारी सैल धरल्यामुळे पिवळा. सेविकेने मोबाईलमधल्या पोषण ट्रॅकरवर त्याचे वजन आणि उंची नोंदवली तेव्हा नेटवर्क नव्हते, त्यामुळे शासनाच्या लेखी तो अद्याप कोणत्याच रंगाचा नाही. त्याच्या आईला आता एवढेच कळले आहे की गाडी आली की पोराच्या अंगातला सदरा काढून तयार ठेवायचा. बालक एक आणि लाभार्थी तीन, हा चमत्कार स्वतंत्र याद्यांशिवाय साधत नाही.

याबाबतीत एक वाईट उदाहरण आपल्याच विदर्भात घडून गेले आहे, ते नवोदितांनी अभ्यासून टाळावे. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकाराने राज्यातील १३ संस्था एकत्र आल्या आणि त्यांनी आपापल्या गावांतील जन्म आणि बालमृत्यू एकाच पद्धतीने मोजले. २००१ मध्ये त्यांचा अहवाल आला तेव्हा सरकारी नोंदींत बालमृत्यू फारच कमी दाखवले जातात हे उघड झाले, विधिमंडळापासून वर्तमानपत्रांपर्यंत गदारोळ झाला आणि शासनाला त्यावर समिती नेमावी लागली. एकत्र येऊन सर्वांनी एकच गोष्ट मोजली की अशी आफत ओढवते. प्रत्येकाने वेगळे मोजावे, वेगळ्या महिन्यात मोजावे आणि वेगळ्या रंगाच्या तक्त्यात मांडावे.

आकड्यांचा ताण घेऊ नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील २५.६ टक्के बालके उंचीच्या मानाने कमी वजनाची होती. २०१९-२१ मध्येही ती २५.६ टक्केच निघाली. दरम्यान २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झाले, दर सप्टेंबरात पोषण माह साजरा होऊ लागला, रांगोळ्या निघाल्या, प्रभातफेऱ्या झाल्या. दशांशासह टिकून राहिलेली ही चिकाटी पाहता आपली आघाडी अपयशी ठरण्याची भीती निराधार आहे.

उपक्रम निवडताना पाककृती प्रात्यक्षिकास प्रथम पसंती द्यावी. शेवग्याच्या पानांची वडी, नाचणीचा लाडू आणि मोड आलेल्या कडधान्याची उसळ हे पदार्थ छायाचित्रात चांगले दिसतात. आहारात विविधता हवी, हे आईला मराठीत समजावून सांगावे. ती कोरकू बोलते ही बाब गौण आहे. आलनात (पीठ लावलेल्या कालवणात) वरून तेल घातले तर लेकराच्या अंगी लागते, हे तिला ठाऊक असते. तेलाची बाटली आठवड्याच्या बाजारापर्यंत पुरत नाही, एवढीच तिची अडचण असते आणि ती प्रात्यक्षिकाच्या कक्षेत येत नाही.

सहा महिने ते तीन वर्षे या वयाच्या मुलांकडे तर पाहूच नये, कारण तिथे पाहिले की काम लागते. वजन घसरण्याचे खरे वय तेच. आईचे दूध पुरेनासे होते आणि वरचे खाणे दिवसातून पाच-सहा वेळा, थोडे थोडे, कोणीतरी समोर बसून भरवावे लागते. अंगणवाडीतला गरम आहार तीन वर्षांपुढच्यांसाठी असतो. या लहानग्यांच्या वाट्याला घरी नेण्याचे पाकीट येते, ते घरातील सगळी पोरे आणि कधीकधी बकरीही वाटून खाते. आई सकाळीच निंदायला गेलेली असते. आठ वर्षांची बहीण त्याला कडेवर घेऊन फिरते, दुपारी शिळ्या भाकरीचा तुकडा त्याच्या हाती देते आणि तो तुकडा तासभर त्याच्या मुठीतच राहतो. (या बहिणीची शाळा बुडते तो विषय शिक्षणविषयक आघाडीकडे पाठवावा.)

यावर पाळणाघर हा उपाय कोणी सुचवील. झारखंड, ओडिशा, बिहार आणि छत्तीसगड येथे काही संस्थांनी मिळून गावागावांत अशी पाळणाघरे चालविली, दिवसातून दोन-तीनदा मुलांना भरविले, हे खरे आहे. परंतु पाळणाघर म्हटले की त्याचे दार रोज सकाळी उघडावे लागते. कार्यशाळेचे दार एकदाच उघडते, तेही हॉटेलचा माणूस उघडतो. शिवाय पाळणाघरात अंडे शिजवून दिले तर ते मूल खाऊन टाकते आणि मागे दाखविण्यासारखे काहीच उरत नाही.

एखादे मूल फारच खालावले तर त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात पाठविल्याची नोंद करावी. तिथे आईला साधारण दोन आठवडे राहावे लागते. घरी दुसरी दोन पोरे, म्हातारी सासू आणि बकऱ्या असल्यामुळे ती तिसऱ्या दिवशी पोराला घेऊन निघून येते. मागे तिच्या घरी कोणी स्वयंपाक करावा, हे तीन संस्थांपैकी कोणाच्याही उद्दिष्टांत नसल्यामुळे अहवालात ‘पालकांचा असहकार’ असे लिहावे.

शासनाशी संबंध सलोख्याचे ठेवावेत. निवेदनात ‘सर्व संबंधितांनी समन्वयाने प्रयत्न करावेत’ हे वाक्य घालावे, त्याने आजवर कोणाचेही मन दुखावलेले नाही. पूरक आहारात कंत्राटदार नकोत असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच बजावले होते, त्याचे पुढे काय झाले, अमृत आहार या आदिवासी भागांसाठीच्या सरकारी योजनेतील अंड्याचा सरकारी दर आणि किराणा दुकानातला दर यांतील फरक सेविकेने कोठून भरावा, असे तपशील विचारणे असभ्यपणाचे दिसते. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविका मानधनासाठी संपावर गेल्या आणि अंगणवाड्या कित्येक आठवडे बंद राहिल्या, तशी वेळ पुन्हा आल्यास आघाडीने परिस्थितीवर बारीक लक्ष ठेवावे. लक्ष ठेवण्यास निधी लागत नाही.

इतके करूनही प्रत्येक आघाडीत एखादी कार्यकर्ती अशी निघतेच की जी चहाच्या सुट्टीत नकाशा उलगडून बसते. याद्या एकत्र करू, दुबार नावे काढू, गावे वाटून घेऊ, नाल्यापलीकडचा ढाणा पावसाळ्याआधी कोण घेणार ते आजच ठरवू, असे ती म्हणू लागते, आणि दोघे-तिघे माना डोलावू लागतात. तिला विरोध करू नये. तिच्या तळमळीचे जाहीर कौतुक करावे आणि तिला एकमताने आघाडीचे निमंत्रक नेमावे. इतिवृत्ते, जमाखर्च, तिन्ही संस्थांच्या प्रमुखांच्या सोयीच्या तारखा आणि बोधचिन्हांचा प्रलंबित वाद हे सारे तिच्या स्वाधीन केले की पाऊस सुरू होईपर्यंत तिला ढाण्यावर जायला सवड मिळत नाही.