संगीताचा तास परत द्या

शाळांमधले संगीताचे तास परीक्षेच्या तयारीला दिले जातात, असं एका लेखात वाचलं, ते अगदी खरं आहे. माझ्या मुलीच्या शाळेत गेल्या वर्षी हेच झालं. पेटी (हार्मोनियम) कपाटात गेली. जूनमध्ये बाहेर काढली तेव्हा भाता फाटलेला, दोन पट्ट्या दाबलेल्याच राहत होत्या. वर्गात हूं की चूं न करणारी माझी लेक याच पेटीवर पहिल्यांदा मोकळ्या गळ्याने भूप राग गायली होती, म्हणून जास्त लागलं. स्नेहसंमेलनाआधी पंधरा दिवस रेकॉर्डवर नाच बसवणं म्हणजे संगीतशिक्षण नव्हे! गायक विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली ज्या पुण्यात गांधर्व महाविद्यालय ही संगीतशाळा काढली, तिथे मुलांना आठवड्यात ३५ मिनिटं सूर मिळू नयेत? आम्ही पालकांनी वर्गणी काढून पेटी दुरुस्तीला दिलीय. सोमवारी मुख्याध्यापकांकडे तास मागायला जातोय.