बटाट्याला जामीन

माझं आणि बटाट्याचं प्रेम लग्नाच्या आधीपासूनचं. म्हणजे माझ्या लग्नाच्या. नवऱ्याला सगळं माहीत होतं आणि त्याने कधी हरकत घेतली नाही. पाचेक वर्षांपूर्वी मी दूध, अंडी, मांस सोडलं, तेलही नावालाच ठेवलं, आणि ताटात उरले बटाटे, भात, रताळी, ओट्स, कडधान्यं आणि ढीगभर भाज्या. लोक विचारायचे, ‘मग तू खातेस तरी काय?’ मी म्हणायचे, ‘पोटभर.’ दिवस गेल्यावरही हेच चालू होतं. सोबत बी-१२ची गोळी, लोहाची गोळी आणि डोक्यात थोडा माज.

मग पंचविसाव्या आठवड्यात, गरोदरपणातल्या मधुमेहाच्या तपासणीसाठी, तो पेला समोर आला.

७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून, उपाशीपोटी, पाच मिनिटांत संपवायचं. लहानपणी चोरून खाल्लेल्या सगळ्या गोळ्यांची ती एकरकमी वसुली होती. रक्त तीनदा काढतात: पिण्याआधी, तासाने आणि दोन तासांनी. रक्तातल्या साखरेची मर्यादा अनुक्रमे ९२, १८० आणि १५३. माझे आकडे आले ९४, १८६ आणि १४९. तिन्हींपैकी एकात गचकलात तरी निकाल नापास. मी दोनात गचकले होते.

‘तिसऱ्यात पास आहे की,’ मी म्हटलं. डॉक्टर हसल्या नाहीत.

बातमी घरभर पसरायला दोन तासही लागले नाहीत. मधुमेहाचा विषय निघाला की प्रत्येकाच्या अंगात एक आहारतज्ज्ञ संचारतो. आई म्हणाली, ‘भात बंद.’ सासूबाई म्हणाल्या, ‘बटाटे बंद.’ मावशीने तर ‘तरी मी म्हणत होते’ इथूनच सुरुवात केली. ती काय म्हणत होती हे आजतागायत कळलेलं नाही. बाळ पाच किलोचं होणार, असं भाकीत मात्र तिने त्याच फोनवर करून टाकलं.

खऱ्या आहारतज्ज्ञ बाईंनी माझा दिवसभराचा आहार लिहून घेतला. दुसऱ्या ओळीनंतर त्यांच्या भुवया वर गेल्या त्या खाली आल्याच नाहीत.

‘कार्ब्स कमी करू या. त्या जागी अंडी?’

‘खात नाही.’

‘चीज? मासे?’

‘नाही.’

त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘मग तुमच्या ताटातून कार्ब्स काढले तर उरतं काय?’

‘ताट.’

पण बाई भल्या होत्या. थोडा विचार करून म्हणाल्या, ‘तसंही गरोदरपणात दिवसाला १७५ ग्रॅम तरी कार्ब्स लागतातच. सगळे काढायचेच नाहीत. कोणते, किती, कधी आणि कोणाबरोबर, एवढंच बघायचं.’ म्हणजे बटाट्याला जन्मठेप नव्हती, जामीन होता. अटी कडक होत्या. एका वेळी मुठीएवढाच. कुस्करून नाही, सालासकट. आधी भाजीचा वाडगा संपवायचा, मग त्याला हात लावायचा. जामीनदार म्हणून राजमा, हरभरे किंवा मसूर कायम शेजारी हवेत. आणि जेवणानंतर तासाभराने साखर मोजायच्या मीटरसमोर हजेरी.

खरं तर गुन्हा बटाट्याचा नव्हताच. गुन्हा वारेचा, म्हणजे प्लॅसेंटाचा. पोटातल्या बाळाला साखर कमी पडू नये म्हणून वार अशी हार्मोन्स सोडते की आईच्या पेशी इन्सुलिनला जुमानेनाशा होतात. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन करून वेळ निभावून नेतं. माझं दमलं. मग आईच्या रक्तातली जादा साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. बाळ बिचारं स्वतःचं इन्सुलिन तयार करून ती साखर अंगी लावतं आणि गरजेपेक्षा गुटगुटीत होत जातं. पण वारेला अटक कशी करणार? तिच्याकडे नऊ महिन्यांचा भाडेकरार. म्हणून चोर सोडून संन्याशाला सुळी.

रात्री छातीत जळजळ व्हायची, झोप यायची नाही, त्यामुळे मी बटाट्याची वकील झाले. मला पुरावेही सापडले. १९३०च्या दशकात लंडनमध्ये हॅरॉल्ड हिम्सवर्थ या डॉक्टरांनी दाखवलं होतं, की भरपूर कार्ब्स खाणाऱ्या निरोगी माणसांचं शरीर ग्लुकोज उलट जास्त सफाईने हाताळतं. १९३९पासून अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर हे डॉक्टर रुग्णांना भात, फळं, फळांचा रस आणि चक्क साखर देत होते, आणि त्यांच्या बऱ्याच मधुमेही रुग्णांची इन्सुलिनची गरज घटली होती. मी हे सगळं छापून, खुणा करून डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यांनी शांतपणे वाचलं.

‘यात गरोदर बायका किती?’

मी कागद उलटून पाहिले. मागची बाजू कोरी होती.

‘बोटं टोचा, आकडे लिहा, मग बोलू,’ डॉक्टर म्हणाल्या.

दिवसातून चारदा टोचायचं. घरच्या मर्यादा वेगळ्या: उपाशीपोटी ९५च्या आत, जेवल्यावर तासाने १४०च्या आत. तास पहिल्या घासापासून मोजायचा, त्यामुळे मी पहिला घास घेताना घड्याळाकडे अशी बघायचे, जणू मुहूर्त टळतोय. बोटाच्या टोकावर टोचू नये, कडेला टोचावं, हे दहाही बोटांची टोकं संपल्यावर कळलं. एकदा मीटरने थेट २१४ दाखवलं. मी खुर्चीत बसले. नवऱ्याने डॉक्टरांना फोन लावला. तिकडून एकच प्रश्न आला: ‘हात धुतले होते का?’ मी नुकतंच संत्रं सोललं होतं. बाळासाठी नाही, नवऱ्यासाठी. साबणाने हात धुऊन पुन्हा टोचलं, ११८. संत्र्याची साखर होती ती. नवऱ्याने ते संत्रं अपराधी चेहऱ्याने खाल्लं, पण खाल्लं.

आणखी एक. त्याच बोटाचे, त्याच मिनिटाचे दोन थेंब मी तपासले. एक १३८, दुसरा १४७. चौकशी केल्यावर कळलं की घरगुती मीटरला १५ टक्क्यांपर्यंतची चूक माफ असते. मला एका आकड्याचीही नव्हती. १४१ आलं की डॉक्टर वहीत लाल गोल करायच्या.

हळूहळू माझी वही म्हणजे एका संशयी बाईची रोजनिशी झाली. झटपट शिजणारे ओट्स, सकाळी: १६८. तेच ओट्स, त्याच वाडग्यात, दुपारी: १२९. सकाळी शरीर आधीच कॉर्टिसोल या हार्मोनच्या तारेत असतं, तेव्हा इन्सुलिनला कोणी विचारत नाही. म्हणून सकाळचे ओट्स गेले आणि साडेसात वाजता राजमा आला. सकाळी साडेसातला वाडगाभर राजमा खाल्लेल्या गरोदर बाईबरोबर लिफ्टमधून जाणाऱ्या शेजाऱ्यांबद्दल मला आजही सहानुभूती आहे.

कुस्करलेला बटाटा: १६१. पण तोच सालासकट उकडून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला आणि दुसऱ्या दिवशी हरभऱ्यांबरोबर खाल्ला, तर १२७! गार झाल्यावर त्यातला थोडा स्टार्च पुन्हा घट्ट होतो आणि लहान आतड्याला तो पचवता येत नाही. रात्रभर कोठडीत घातला की बटाटाही सरळ येतो. भाताचंही तेच. त्या दिवशी मी आनंदाने फ्रीजचं दार उघडून आत बघत उभी राहिले, तर नवरा म्हणाला, ‘अगं, चालायला चल.’

कारण चालणंही होतंच. प्रत्येक जेवणानंतर १५ मिनिटं. बाहेर पाऊस असला तर जेवणाच्या टेबलाभोवती. सातव्या महिन्यात टेबलाचे कोपरे आणि माझं पोट यांच्यात रोज वाटाघाटी व्हायच्या. नवरा शेजारून चालायचा, उलट्या दिशेने. त्यामुळे आम्ही दर फेरीला दोनदा भेटायचो आणि तो दर वेळी ‘काय म्हणता?’ म्हणून विचारायचा. तिसऱ्या आठवड्यात मी त्याला सांगितलं, पुन्हा विचारलंस तर मी काही म्हणणार नाही, करेन.

तर जेवणानंतरचे आकडे वठणीवर आले. बटाटा अटी पाळत होता. वही घेऊन मी ऐटीत डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पहिला रकाना दाखवला. उपाशीपोटी: ९८, १०१, ९७, १०३.

हा आकडा मला आजही अन्याय वाटतो. जेवणानंतरच्या आकड्याला निदान कारण तरी असतं. हा तर मी झोपेत असताना येतो. मी उपाशी, डोळे मिटलेले, आणि माझं यकृत रात्रभर परस्पर साखर वाटतंय. रात्रीचं जेवण लवकर केलं, १०१. निजायच्या आधी मूठभर हरभरे खाल्ले, १००. ज्या रात्री खूप रडले, त्या रात्रीनंतर १०४.

‘रात्रीचं इन्सुलिन सुरू करू,’ डॉक्टर म्हणाल्या. मी केस हरलेल्या वकिलासारखी गप्प झाले. त्या पुढे म्हणाल्या, ‘ताटात तुम्ही करण्यासारखं होतं ते केलंत. हा आकडा ताटातून फारसा येत नाही, वारेमुळे येतो.’ बटाट्याची निर्दोष मुक्तता अशी सुईच्या टोकावर झाली. पहिल्या रात्री मी सुई हातात धरून वीस मिनिटं बसले. टोचल्यावर कळलं, ती मीटरच्या सुईपेक्षा कमी दुखते. वीस मिनिटं फुकट गेली. मावशीला कळताच तिचा फोन आला: ‘बटाट्यांमुळेच ना?’

एकोणचाळिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. ३ किलो १०० ग्रॅम. मावशीचे उरलेले १ किलो ९०० ग्रॅम अजून कोणाला सापडलेले नाहीत. वार बाहेर आली आणि दुसऱ्या दिवशी माझा उपाशीपोटीचा आकडा ८४ आला. सहा आठवड्यांनी पुन्हा तोच ७५ ग्रॅमचा पेला प्यायला या, असं बजावून डॉक्टर गेल्या.

मग नर्स आली, हातात ओळखीची वस्तू घेऊन. अशा आयांच्या बाळांची साखर जन्मल्यावर एकाएकी उतरू शकते. आईकडून येणारा पुरवठा बंद होतो, पण बाळाचं इन्सुलिन अजून जोरात असतं. म्हणून त्यांनाही टोचतात, टाचेला. माझ्या हाताचं बोट आपोआप पुढे झालं. नर्सने ते बाजूला सारलं आणि एवढीशी टाच धरली.

टोचल्याबरोबर पोरीने असा काही टाहो फोडला की शेजारच्या खोलीतली दोन बाळं जागी झाली. बारा आठवडे, रोज चारदा मला जे म्हणायचं होतं, ते तिने एका दमात म्हणून टाकलं.

‘५८,’ नर्स म्हणाली. ‘छान आहे.’

नवऱ्याने खिशातून वही काढली आणि लिहून घेतलं.